पाणी येऊ दे

"आम्ही दोन खोल्या बघून ठेवल्यात," बायको म्हणाली, आणि चष्मेवाल्याने हातातलं भिंग उजेडाकडे धरून "बरं" म्हटलं. दुपारची निवांत वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुलींच्या शाळेतला शिवणाचा तास आटोपून घरी जाता जाता ती नेहमीसारखी डोकावली होती, काउंटरवरची धूळ पदराने पुसली होती, आणि हे एवढं सांगून निघूनही गेली होती. त्याने मशीन चालू केलं. कुणाच्या तरी जाड नंबराच्या भिंगाची कड पाण्याच्या धारेखाली घासली जाऊ लागली आणि त्या किरकिरीत तो शब्द त्याला आत्ता ऐकू आला. आम्ही. आपण नाही म्हणाली ती, आम्ही म्हणाली. आपली भाषा या बाबतीत मोठी खडूस आहे. 'आपण' म्हटलं की ऐकणाऱ्याला आत घेतलं जातं, 'आम्ही' म्हटलं की त्याने दाराबाहेर उभं राहायचं, आणि यात चूकभूल म्हणून कुणी सुटत नाही. लहान पोरंसुद्धा भांडण झालं की बरोबर 'आम्ही खेळतोय' म्हणतात. आम्ही म्हणजे ती आणि तिची ताई. ताई परगावी राहायची, नवरा गेल्यापासून एकटी. ताईकडे चार दिवस जाऊन येणं वेगळं आणि दोन खोल्या बघून ठेवणं वेगळं. भिंग मापाबाहेर घासलं गेलं होतं. ते त्याने टाकून दिलं आणि दुसरं घेतलं.

दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारायचा, हे बरं की हे? आता कसं दिसतंय? आणि आता? अगदी मायेने विचारायचा. म्हातारी माणसं त्याच्यावर खूश असत, की याला घाई नाही, दहादा विचारतो. घरी मात्र त्याने असं काही विचारल्याचं त्याला आठवेना. घरी तो "बरं" म्हणायचा. भाजी खारट झाली तरी बरं, तिच्या डोक्यात कळ उठली तरी बरं, ताईचा नवरा गेल्याचा फोन आला तेव्हाही त्याच्या तोंडून आधी बरंच निघालं होतं, आणि तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं होतं की पुढचे कित्येक दिवस तो तोंड मिटून होता. तोंड मिटून राहणं हा त्याचा दुसरा उपाय. संसारातली निम्मी वर्षं त्याने या दोन उपायांवर काढली आणि संसार चालला म्हणून ते लागू पडतात असं धरून चालला. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र त्याने हात धुता धुताच म्हटलं, "एकदा थोरलीवरून जाऊन येऊ या का? त्या धक्क्यावर." थोरली म्हणजे त्याची शिडाची बोट. लग्नाच्या आधीपासूनची म्हणून बायकोने तिला हे नाव ठेवलं होतं. ही माझी थोरली सवत, मी आपली धाकटी, असं ती पाहुण्यांना सांगायची आणि सगळे हसायचे. आता हसायला पाहुणे येत नव्हते, नाव तेवढं राहिलं होतं. बायको गॅस बंद करून वळली. "तिथे?" म्हणाली. "हो, तिथेच." तिने ओटा पुसला, फडकं पिळून वाळत टाकलं. मग "बरं" म्हणाली, अगदी त्याच्याच सुरात. त्याला वाटलं, जमलं.

समुद्राने त्यांना त्रास दिला नाही. वारा अंगावर येईल इतकाच होता, शीड भरलेलं होतं, आणि शिडाच्या मधोमध बायकोने जुन्या काळी घातलेलं ठिगळ उन्हात फिकट दिसत होतं. तिची शिलाई अजून टिकून होती. भोवतीचं कापड विरलं, टाके मात्र जसेच्या तसे. तो सुकाणू धरून बसला होता आणि ती पुढे, त्याच्याकडे पाठ करून, गुडघे जवळ घेऊन. पूर्वी ती अशी बसली की तो काहीतरी ओरडून सांगायचा आणि ती "काय?" म्हणून मान वळवायची, वाऱ्यात काही ऐकू येत नाही म्हणून हसायची. आजही त्याने हाक मारून पाहिली, "अगं, तो बगळा बघ." ती वळली नाही. वाऱ्याने ऐकू गेलं नसेल, त्याने स्वतःला सांगितलं. धक्का दिसू लागला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लहानसा धक्का तो, खाडीच्या कुशीत, दहा-पंधरा बोटी कशाबशा मावतील एवढा. त्याच्या तोंडाशी पाण्याखाली एक सिमेंटचा आडवा बांध आहे, त्याला सगळे उंबरा म्हणतात. ओहोटीला बाहेरचा समुद्र पार दूर चिखलापर्यंत जातो, पण उंबऱ्यामुळे आतलं पाणी आतच राहतं, आणि आत असलेली बोटही आतच राहते. भरती चढून उंबऱ्यावर पुरेसं पाणी आलं की मगच आत-बाहेर करायचं. खांबावर रंगवलेले आकडे पाहून त्याने थोरली अलगद आत घातली. उधाणाचे दिवस होते, पाणी आकड्यांच्या वर चढलं होतं, बोटीच्या तळाला उंबऱ्याची चाहूलही लागली नाही.

धक्क्याच्या राखणदाराला बोटवाले भोंगा म्हणत. त्याला हळू बोलताच येत नसे. कानात सांगायची गोष्टही तो पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशी सांगे. "या या या!" करत त्याने दोर झेलला, खुंट्याला वळसा घातला आणि म्हणाला, "साहेब, उधाणाच्या अगदी टोकाला आलात. उद्याची भरती घेऊन निघायचं असलं तर निघा. परवापासून काही खरं नाही. भांग लागतो आता, रोज पाणी कमी चढणार. तुमच्या बोटीचा तळ खोल, उंबऱ्यावर अडकेल. मग बसा आठवडाभर, जास्तच, परत उधाण येईतो." बायको तेव्हा खाली केबिनमध्ये गेली होती, स्टोव्हला पंप मारत होती, आणि स्टोव्हच्या आवाजात भोंग्याचा भोंगाही बुडाला. चष्मेवाल्याने मान डोलावली. भांग काय असतो ते त्याला कुणी सांगायला नको होतं, घरून निघतानाच त्याने दिवस बघून निवडला होता. शहरात तिच्याशी बोलायला त्याला तोंडच फुटत नव्हतं. एकदा उंबऱ्याच्या आत आलो, पाणी उतरलं, जायला वाट नाही म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार, बोलणारच, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब त्याला त्या वेळी लबाडीचा वाटला नाही. उलट आपण तिच्यासाठी पहिल्यांदाच काही योजून करतोय म्हणून त्याला मनातून बरं वाटत होतं, वाढदिवसाची वस्तू पाठीमागे लपवून उभं राहावं तसं.

दुसऱ्या दिवशी भरती आली तेव्हा वारा चांगला होता. "निघायचं ना?" बायकोने विचारलं. तो शिडाचा दोर सोडवत बसला होता, खरं म्हणजे सुटलेला दोर पुन्हा गुंतवत बसला होता. "वारा पडेल असं वाटतंय," तो म्हणाला. "उद्या बघू." तिने धुतलेले पेले पुन्हा धुतले. संध्याकाळी दोघं धक्क्याच्या कठड्यावर बसली. बाहेर चिखल उघडा पडला होता आणि त्यावर पक्षी चालत होते, आत मात्र पाणी गच्च, हलतसुद्धा नव्हतं. त्याला वाटलं, आता बोलावं. काय बोलायचं ते त्याने घोकून ठेवलं होतं, जाऊ नकोस एवढंच, पण ते जिभेवर यायच्या आधी दुसरंच काही सुचायचं, आणि तो म्हणायचा, पाणी स्वच्छ आहे नाही, किंवा, त्या बोटीचा रंग गेलाय. ती हूं म्हणायची. एकदा तिने हात कठड्यावर त्याच्या हाताशेजारी ठेवला आणि तो तिच्याकडे वळला, पण ती उठायला आधार घेत होती. आपल्याला एवढ्या वर्षांत तिला धरायचं कसं तेच कळलं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं मन म्हणालं, असं कसं, याच जागी तर धरलं होतं.

याच जागी. लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, तिला दिवस गेले होते, आणि डॉक्टर हिंडूफिरू नका असं काही म्हणाला नव्हता. सकाळच्या भरतीला ती दोघं आत आली. दुपारी ओहोटी लागली, उंबरा उघडा पडला, आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी ती हसण्यावारी नेत होती. मग ती केबिनच्या फळीवर आडवी झाली आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून तिने त्याचा सदरा मुठीत धरला. एक गुंडी तुटून तिच्या हातात आली तरी मूठ सोडली नाही. तो तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिला आणि म्हणत राहिला, पाणी येऊ दे, पाणी आलं की निघू, वारा आहे, दिवेलागणीला शहरातल्या इस्पितळात पोचू. पाणी येऊ दे. केबिनच्या छतावर उन्हाची तिरीप हलत होती, तिचे केस घामाने त्याच्या हाताला चिकटत होते, आणि कुणालाही आपली इतकी गरज त्याच्या आयुष्यात पूर्वी कधी पडली नव्हती. पाणी आलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्याने फळ्या धुतल्या, बादल्यांवर बादल्या ओतल्या, आणि भरती घेऊन ती दोघं निघाली. शहरातला डॉक्टर म्हणाला, होतं असं, पुन्हा दिवस जातील. पुन्हा काही झालं नाही. या गोष्टीचं नाव दोघांनी पुन्हा काढलं नाही, आणि न काढता काढता त्याच्या मनात त्या दिवसाचा आकार बदलत गेला. दुखणं मागे पडलं, बादल्या मागे पडल्या, मांडीवरचं डोकं तेवढं राहिलं. वर्षानुवर्षं एका काचेतून बघितलं की डोळा त्या काचेला सरावतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण स्वतःचा नंबर काढायला तो कधी बसला नाही.

तिसऱ्या दिवशी ती तोंड धुवायला नळावर गेली ती बराच वेळ आली नाही. भोंग्याचा आवाज मात्र इथवर येत होता. "साहेबांना सांगितलं होतं की!" तो म्हणत होता. "आल्या आल्या सांगितलं, उद्याच निघा म्हणून! त्यांनी मान हलवली!" चष्मेवाला केबिनमध्ये उभा होता. पळून जायला जागा असती तर तो पळाला असता, पण बोट पाच पावलांत संपते. ती आली, टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग फळीवर बसली. त्याच फळीवर.

"भांग लागला ना?" ती म्हणाली. "मलाही कळतं थोडंफार. इतकी वर्षं तुमच्या थोरलीबरोबर नांदलेय मी."

"मला बोलायचं होतं तुझ्याशी," तो म्हणाला. "निवांत. तिकडे शहरात जमत नाही."

"बोला."

तो बसला. घोकलेलं सगळं विसरला आणि जे खरोखर मनात होतं तेच बाहेर पडलं. "तुला आठवतंय इथलं? तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस. माझा सदरा धरून. मला नेहमी वाटतं, इतक्या जवळ आपण पुन्हा कधी आलोच नाही. म्हणून म्हटलं, इथेच येऊ. इथे आलं की कदाचित..."

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्याला सोसलं असतं. ती पाहत होती ते एखाद्या अनोळखी माणसाला आपलं नाव ठाऊक आहे हे कळल्यावर बघावं तसं. "तुम्हाला हे आठवतं," ती म्हणाली. "हे."

"म्हणजे, बाकीचंही..."

"मी तुम्हाला म्हणत होते, कुणाला तरी बोलवा. आठवतं? कुणाला तरी बोलवा हो. आणि तुम्ही म्हणत होतात, पाणी येऊ दे."

"पाणीच नव्हतं गं! उंबरा कोरडा पडला होता. कसे निघणार होतो आपण?"

"रस्ता होता," ती म्हणाली.

त्याला खरोखर कळलं नाही. "कुठला रस्ता?"

"हा." तिने केबिनच्या गोल खिडकीकडे बोट केलं. राखणदाराच्या खोलीमागे फाटक होतं आणि फाटकापलीकडे, उन्हात, एक टेम्पो उभा होता. कुणी त्यातून पाण्याच्या बाटल्यांचे खोके उतरवत होतं. "तेव्हाही होता. गाड्या जात होत्या. मला पडल्या पडल्या ऐकू येत होत्या. प्रत्येक गाडीला वाटायचं, आता तुम्ही उठाल. हात दाखवाल. दारं ठोठावाल कुणाची तरी."

चष्मेवाला खिडकीबाहेर बघत राहिला. बोटीने आलेला माणूस बोटीनेच जातो, त्याच्या डोक्यात वाट म्हणजे पाणी, आणि पाणी नाही म्हणजे वाट नाही. फाटक त्याने तेव्हा पाहिलं असणारच. पाहूनही त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. "माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. "तुझी शप्पथ. डोक्यातच आलं नाही."

"ते माहीत आहे मला. म्हणून तर राहिले. तुम्ही मुद्दाम केलं असतंत तर तेव्हाच गेले असते." ती उठली आणि फळीखालची पिशवी ओढून काढली. "एवढी वर्षं स्वतःला तेच सांगत आले, माणूस वाईट नाही, त्याला सुचलं नाही. ताई काहीबाही बोलायची, तिच्याशी भांडले मी यावरून. खोल्या बघितल्या तरी मन तयार होत नव्हतं. इथे यायला हो म्हटलं तेही म्हणूनच, म्हटलं, बघू, आपण होऊन काढतायत विषय." ती थांबली. साडीची घडी पिशवीत घातली, काढली, पुन्हा घातली. "आणि आता मुद्दाम केलंत. मी अडकावी म्हणून. इथे."

यावर त्याच्यापाशी काही नव्हतं. बरं नव्हतं आणि मिटलेलं तोंडही नव्हतं, तोंड उघडंच राहिलं होतं. त्याने तिच्या हातातली पिशवी धरली, तिने ती सोडवून घेतली. मग बोटीवरून उतरताना तोल गेला तेव्हा मात्र पिशवी त्याच्याकडे दिली, कारण दुसरं कुणी नव्हतं. फाटकापर्यंत तो तिच्यामागे गेला. बस फाटकासमोरच थांबत होती. ती यायला वेळ लागला, आणि त्या वेळात त्याने जाऊ नकोस म्हटलं. ते शब्द अखेर त्याच्या तोंडून बाहेर पडले, अगदी स्पष्ट. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने मान वळवून पाहिलं इतके स्पष्ट. ती म्हणाली, "ऊन लागतंय तुम्हाला, आत जा." बस आली तेव्हा ती पायरीवरून म्हणाली, "थोरलीला जपा. आता तिला सवत नाही." हे सांगताना ती थोडीशी हसलीही, जुन्या सवयीने. मग दार मिटलं, धूळ उडाली, आणि तो फाटकाच्या आतल्या बाजूला उभा राहिला.

भोंगा आला, बाजूला उभा राहिला आणि त्याच्या परीने हळू बोलला. "बाईसाहेब गेल्या वाटतं? बरं केलं, किती दिवस कंटाळणार. तुम्हाला काही लागलं सवरलं तर सांगा. पाणी चढेपर्यंत आता तुम्ही आमचेच." चष्मेवाल्याने मान डोलावली. बोटीकडे वळून पाहिलं तर ती स्थिर पाण्यावर स्थिर उभी होती, शीड गुंडाळलेलं, दोरीवर बायकोचा टॉवेल. बोटीत जाऊन बसणं त्याला अशक्य वाटलं. आठवडाभर त्या फळीसमोर बसायचं, त्या खिडकीतून हे फाटक बघायचं, हे त्याने स्वतःच्या हाताने मांडून ठेवलं होतं, दिवस बघून. इतकं निराधार त्याला कधी वाटलं नव्हतं. ओरडावं असं वाटलं, पण कुणाच्या नावाने ओरडायचं ते सुचेना. मग त्याने फाटक उघडलं आणि तो रस्त्यावर आला.

रस्ता साधाच होता. इतक्या वेळा इथे येऊनही या रस्त्यावर त्याने पाय ठेवला नव्हता, आणि आता तो चपला घासत, डाव्या कडेने, बस गेली त्या दिशेने चालू लागला. एक सायकल दुरुस्तीचं दुकान लागलं, हवा भरायचा पंप बाहेर ठेवलेला. एक बंद घर. एका कुंपणावर कुणी गाद्या उन्हात टाकल्या होत्या. रस्त्याला वळण होतं. वळणापलीकडे घामही पुरता फुटण्याआधी त्याला एक बैठी इमारत दिसली, पांढऱ्या चुन्याची, दाराला हिरवा पडदा, आणि वर दवाखान्याची पाटी. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागून येणाऱ्या गाडीने हॉर्न दिला, ड्रायव्हर काहीतरी बोलून गेला. त्याने मनाशी म्हटलं, नवा असेल. नवीनच झाला असेल, आता कुठे तेव्हाचं आणि आताचं. या एका गोष्टीवर त्याने सगळा जीव टांगला आणि तो पायऱ्यांपाशी गेला. पायऱ्या दगडी होत्या आणि मधोमध झिजून खोल झालेल्या होत्या.

आत बाकं होती, औषधाचा वास होता. टेबलामागे एक जाडसर, केस पिकलेली बाई कापसाचे बोळे करत बसली होती. चष्म्याची एक काडी तिने चिकटपट्टीने बांधली होती, आणि सवयीने त्याचं पहिलं लक्ष तिकडेच गेलं. "हा दवाखाना," त्याने विचारलं, "नवा आहे का?"

"नवा?" बाई हसली. "आमच्या डॉक्टरांच्या वडिलांनी काढलेला. माझा जन्म इथलाच, त्या आतल्या खोलीतला. आख्ख्या पंचक्रोशीतल्या बायका इथेच यायच्या तेव्हा, दिवस असो रात्र असो, म्हातारे डॉक्टर नाही म्हणायचे नाहीत. बसा ना, उभे का? चेहरा उतरलाय तुमचा."

तो बसला. बाकासमोर खिडकी होती. खिडकीतून सायकलच्या दुकानाचं छप्पर दिसत होतं, आणि छपरावरून, सरळ, थोरलीची डोलकाठी. त्याने डोळे मिटून उघडले. पुन्हा मिटून उघडले. गिऱ्हाइकांना तो सांगायचा तसं, सावकाश, घाई करू नका. डोलकाठी तिथेच होती.

"कुणाला दाखवायचंय?" बाईने विचारलं.

"बायकोला," तो म्हणाला.

"मग घेऊन या की त्यांना. डॉक्टर आतच आहेत, गर्दीही नाही. चालवत नसेल तर माणूस पाठवते बरोबर, स्ट्रेचर आहे आपल्याकडे." ती हातातला बोळा ठेवून उठली. "कुठे आहेत त्या? फार लांब आहे का?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "हाकेच्या अंतरावर."